विश्लेषण : भर रस्त्यात गाडीतून ऑइल, पेट्रोल किंवा कूलंट गळू लागले तर?

पावसाळ्यात वर्तमानपत्राच्या आतल्या पानावर एक छोटी बातमी ठरलेली असते. अमुक पुलावर ऑइल सांडले, दहा-बारा दुचाकी घसरल्या, अग्निशमन दलाने माती टाकून रस्ता मोकळा केला. ऑइल कोणाच्या गाडीतून सांडले, हे त्या बातमीत बहुतेक वेळा नसते. तो चालक केव्हाच पुढे निघून गेलेला असतो. कित्येकदा त्याला स्वतःलाही गळतीचा पत्ता नसतो. पण गाडी बाजूला घेऊन, बॉनेट उघडून, गळती पाहूनही ‘गॅरेजपर्यंत जाईल’ म्हणत पुढे रेटणारेही कमी नाहीत. त्या दोन-चार किलोमीटरमध्ये इंजिनाचे नुकसान होतेच, शिवाय मागून येणाऱ्याच्या जिवावर बेतू शकते. अशा वेळी नेमके काय करावे, काय टाळावे आणि सांडलेले कसे आवरावे, याविषयी...

गाडीखालचा डाग काय सांगतो?

गाडीखाली ओले दिसले म्हणजे गाडी बिघडलीच, असे नाही. एसी चालू असताना पुढच्या बाजूला, बहुधा डाव्या सीटच्या खाली, थेंब थेंब स्वच्छ पाणी पडते. ते हवेतल्या बाष्पाचे पाणी असते आणि ते पडणे हे एसी नीट चालल्याचे लक्षण आहे. बाकी द्रव ओळखायला रंग, वास आणि जागा या तीन खुणा पुरतात. पांढरा कागद किंवा टिश्यू काडीला गुंडाळून डागावर टेकवावा. बोट लावू नये आणि चव तर मुळीच घेऊ नये.

काळपट किंवा तपकिरी, चिकट आणि इंजिनाच्या बरोबर खाली असेल तर ते इंजिन ऑइल. हिरवे, गुलाबी, नारिंगी किंवा निळे, पाण्यासारखे पातळ पण किंचित बुळबुळीत आणि गोडसर वासाचे असेल तर कूलंट. रंगहीन किंवा फिकट पिवळे, पातळ आणि चाकाच्या आतल्या बाजूला ओघळलेले असेल तर ब्रेक ऑइल. लालसर असेल तर ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचे किंवा काही गाड्यांत पॉवर स्टिअरिंगचे ऑइल. दाट आणि उग्र, गंधकासारख्या वासाचे असेल तर गिअर ऑइल. पेट्रोल वासावरून लगेच कळते आणि पटकन उडून जाते. डिझेल मात्र उडत नाही, त्याचा तेलकट डाग रस्त्यावर तसाच राहतो. नव्या डिझेल गाड्यांत धूर स्वच्छ करण्यासाठी युरियाचे द्रावण वापरतात. ते गळून वाळले की पांढरे, मिठासारखे खडे दिसतात. बॅटरीभोवती पांढरी-हिरवी बुरशी दिसली तर ॲसिड झिरपत असल्याचे समजावे.

गळती लक्षात आल्यावर सर्वांत आधी काय?

गाडी थांबवण्यापूर्वी ती कुठे थांबवायची, हे ठरवणे महत्त्वाचे. वळणावर, पुलावर, बोगद्यात किंवा उताराच्या मधोमध थांबणे टाळावे. शक्य असेल तेवढे डावीकडे, पक्क्या आणि सपाट जागी घ्यावे. उन्हाळ्यात वाळलेल्या गवतावर गाडी उभी करू नये. सायलेन्सर आणि त्यातले धूर शुद्ध करणारे भाग इतके तापलेले असतात की गवत पेट घेऊ शकते. त्यात वरून पेट्रोल किंवा ऑइल ठिबकत असेल तर धोका आणखी वाढतो. विहीर, ओढा, नाला किंवा शेताच्या पाटाला लागून थांबणेही टाळता आले तर टाळावे.

गाडी थांबताच इंजिन बंद, हँडब्रेक वर, चारही इंडिकेटर चालू. मात्र पेट्रोलचा किंवा गॅसचा वास येत असेल तर इंडिकेटर किंवा इतर कोणतेही बटण दाबत बसू नये. चावी बंद करून सगळ्यांनी उतरावे. उतरताना रहदारीच्या बाजूचे दार न उघडता डाव्या दाराने उतरावे. लहान मुले आणि वृद्धांना रस्त्यालगतच्या कठड्यापलीकडे, सुरक्षित जागी उभे करावे. द्रुतगती महामार्गावर बंद गाडीत बसून मदतीची वाट पाहणे हे गळतीपेक्षाही धोक्याचे ठरते, कारण मागून येणारे वाहन कित्येकदा उभ्या गाडीवर येऊन आदळते. गाडीच्या मागे उभे राहून डिक्कीत शोधाशोध करण्याचा वेळही कमीत कमी ठेवावा.

फांदी आणि दगड का चालत नाहीत?

महाराष्ट्रातल्या कोणत्याही घाटात बंद पडलेल्या ट्रकच्या मागे झाडाच्या तोडलेल्या फांद्या आणि चाकाखाली मोठे दगड दिसतात. दिवसा फांदी दिसते. रात्री पावसात ती शेवटच्या क्षणापर्यंत दिसत नाही. दगडाचे आणखी वाईट. गाडी दुरुस्त झाली की चालक निघून जातो, दगड मात्र रस्त्यातच राहतो आणि पुढचा दुचाकीस्वार त्यावर आपटतो. चाकाला दगड लावलाच तर निघताना तो उचलून कडेला टाकणे, ही त्याच चालकाची जबाबदारी आहे.

त्याऐवजी चारचाकीसोबत मिळणारा परावर्तक त्रिकोण वापरावा. तो बहुतेकांच्या डिक्कीत स्टेपनीजवळ न उघडलेल्या डब्यात पडून असतो. शहरात गाडीच्या मागे साधारण पन्नास मीटरवर, म्हणजे साठ-सत्तर पावलांवर, तो ठेवावा. वेगवान महामार्गावर अंतर दुप्पट करावे. गाडी वळणापुढे असेल तर त्रिकोण वळणाच्या अलीकडे हवा, नाहीतर तो दिसेपर्यंत उशीर झालेला असतो. ऑइलचा ओघळ गाडीच्या मागेही पसरला असेल तर त्रिकोण ओघळ सुरू होण्याच्याही आधी ठेवावा. त्रिकोण ठेवायला जाताना रस्त्याच्या कडेने, येणाऱ्या वाहनांकडे तोंड करून चालावे. रात्री परावर्तक जाकीट किंवा निदान मोबाइलचा टॉर्च हातात असावा. पेट्रोल किंवा गॅस गळत असेल तर मोबाइल गळतीपासून लांब गेल्यावरच वापरावा.

पेट्रोल गळत असेल तर धोका किती?

सगळ्या द्रवांत सर्वाधिक घातक पेट्रोल. शून्याखाली चाळीस अंशांच्या आसपासही त्याची वाफ पेट घेऊ शकते. म्हणजे आपल्याकडच्या कोणत्याही हवामानात सांडलेले पेट्रोल पेटायला तयारच असते. ही वाफ हवेपेक्षा जड असल्याने जमिनीलगत पसरते, खड्ड्यात आणि गटारात साचते. त्यामुळे दहा-पंधरा फुटांवर कोणी विडी पेटवली तरी आग उलटी गाडीपर्यंत येऊ शकते. डिझेल इतक्या सहज पेटत नाही, पण तापलेल्या सायलेन्सरवर त्याची धार पडली तर तेही पेटते. इंजिन ऑइल आणि पॉवर स्टिअरिंगच्या ऑइलचेही तसेच.

पेट्रोलची गळती दिसली की इंजिन पुन्हा सुरू करून पाहायचे नाही. सेल मारताना ठिणगी उडते. गाडी हलवणे भागच असेल तर न्यूट्रलमध्ये ढकलावी. सगळ्यांनी निदान तीस मीटर लांब जावे, वाऱ्याच्या दिशेने नव्हे तर विरुद्ध बाजूला. जमलेल्या बघ्यांना सिगारेट विझवायला सांगावे. कपड्यांवर पेट्रोल उडाले असेल तर ते कपडे बदलल्याशिवाय आगीच्या किंवा ठिणगीच्या जवळ जाऊ नये.

धूर दिसू लागला तर बॉनेट पूर्ण उघडू नये. आत कोंडलेल्या आगीला एकदम हवा मिळते आणि ज्वाळा तोंडावर येतात. गाडीत कोरड्या पावडरचा अग्निरोधक असेल तर बॉनेटच्या फटीतून किंवा खालून मारावा. पेटलेल्या पेट्रोलवर पाणी ओतू नये. पेट्रोल पाण्यावर तरंगते आणि पाण्यासोबत आगही पसरते. छोट्या अग्निरोधकाची पावडर काही सेकंदांतच संपते. तेवढ्यात आग आटोक्यात आली नाही तर गाडीचा मोह सोडून लांब जावे आणि १०१ किंवा ११२ वर फोन करावा.

सीएनजी, एलपीजी आणि विजेवरच्या गाड्यांचे काय?

मुंबई-पुण्यातील रिक्षा, टॅक्सी आणि आता मोठ्या संख्येने खासगी मोटारी सीएनजीवर चालतात. सीएनजी सुमारे दोनशे बार दाबाखाली भरलेला असतो, म्हणजे मोटारीच्या टायरमधील हवेच्या जवळजवळ शंभरपट दाबाने. पण तो हवेपेक्षा हलका असल्याने मोकळ्यावर लवकर वर उडून जातो. बंद गाडीत, बोगद्यात किंवा तळघरातल्या पार्किंगमध्ये मात्र तो छताशी साचतो. एलपीजीचे उलट आहे. तो हवेपेक्षा जड असल्याने खाली साचून राहतो. दोन्हींना मुद्दाम उग्र वास दिलेला असतो. तो आला की चावी बंद करावी, दारे आणि डिक्की हाताने उघडावीत, सगळ्यांनी उतरावे आणि टाकीचा हाताने फिरवायचा व्हॉल्व्ह सहज हाताला येत असेल तर बंद करावा. काच खाली करण्याचे बटण, आतला दिवा, पंखा यांना हात लावू नये. सीएनजी टाकीची दर तीन वर्षांनी दाबचाचणी करणे बंधनकारक आहे. चाचणीची तारीख उलटलेली टाकी घेऊन फिरणे म्हणजे गळतीला निमंत्रण देणे होय.

विजेवरच्या गाडीत पेट्रोल नसते, पण बॅटरी थंड ठेवणारे कूलंट अनेक मोटारींत असते. अपघातानंतर किंवा खालून दगड लागल्यावर गाडीखाली ओल दिसली, फुसफुस आवाज आला किंवा गोडसर, रसायनासारखा वास आला तर गाडीपासून दूर व्हावे. नारिंगी रंगाच्या जाड वायरींना हात लावू नये, त्या उच्च दाबाच्या असतात. अशा बॅटरीची आग विझल्यासारखी वाटली तरी काही तासांनी पुन्हा भडकू शकते. म्हणून अग्निशमन दलाला फोन करताना गाडी विजेवरची आहे, हे आवर्जून सांगावे.

रेडिएटर उकळला तर झाकण लगेच का उघडू नये?

कसारा, खंबाटकी किंवा वरंधा घाट चढताना तापमानाचा काटा लाल रेषेकडे सरकणे ही उन्हाळ्यातली नेहमीची गोष्ट. रेडिएटरची यंत्रणा बंद आणि दाबाखाली असते. त्यामुळे आतला द्रव शंभर अंशांवर जाऊनही उकळत नाही. झाकण उघडताच दाब एकदम उतरतो, सगळा द्रव क्षणात उकळून कारंज्यासारखा बाहेर उसळतो आणि चेहरा, हात, छाती भाजते. ओले फडके धरून झाकण फिरवण्याचा उपाय अनेकांना महागात पडला आहे. इंजिन बंद करून किमान अर्धा तास थांबावे. वरचा होस पाइप हाताला थंड लागला की मगच झाकण सावकाश सैल करावे.

लगेच थांबायला जागा नसेल तर एसी बंद करून हीटर पूर्ण चालू करावा. आत बसणाऱ्यांना घाम फुटतो, पण इंजिनाची थोडी उष्णता तेवढीच बाहेर पडते. तापलेल्या इंजिनावर थंड पाणी ओतू नये. धातू एकदम आकसून हेडला तडा जाऊ शकतो. अडचणीच्या वेळी रेडिएटरमध्ये साधे पाणी भरून गॅरेजपर्यंत जाता येते, पण नंतर ते काढून योग्य प्रमाणात कूलंट भरून घ्यावे. नुसत्या पाण्याने आत गंज चढतो.

कूलंटबाबत आणखी एक गोष्ट फार थोड्यांना माहीत असते. त्यात बहुधा इथिलीन ग्लायकॉल असते. ते चवीला गोड आणि पोटात गेल्यास मूत्रपिंड निकामी करणारे विष आहे. ढाब्याजवळ किंवा सोसायटीच्या आवारात साचलेले कूलंट कुत्री-मांजरे चाटतात आणि दगावतात. शीतपेयाच्या बाटलीत काढून ठेवलेले रंगीत कूलंट लहान मूल सरबत समजून पिऊ शकते. म्हणून कूलंटचे थारोळे तसेच सोडून जायचे नाही आणि ते खाण्यापिण्याच्या बाटलीत भरायचे नाही.

कोणती गळती असताना गाडी अजिबात पुढे नेऊ नये?

ब्रेक ऑइल. चाकाजवळ ओल आहे आणि ब्रेकचे पॅडल नेहमीपेक्षा खोल जाते किंवा मऊ लागते, एवढे कळले की गाडी तिथेच थांबवायची. ‘हळू हळू जाऊ’ हा पर्याय इथे नाही. गाडी चालू असतानाच ब्रेक लागेनासा झाला तर पॅडल वारंवार दाबून पाहावे, एकेक गिअर कमी करत वेग उतरवावा आणि हँडब्रेक हळूहळू ओढावा. एकदम ओढल्यास मागची चाके अडकून गाडी फिरते. ब्रेक ऑइल संपले म्हणून दुसरे कोणतेही ऑइल किंवा पाणी भरणे जीवघेणे आहे. ऑइलने आतले रबरी भाग फुगतात आणि पाण्याची उतारावर वाफ होऊन ब्रेक लागतच नाही. ब्रेक ऑइलने गाडीचा रंगही निघतो, म्हणून पत्र्यावर सांडल्यास लगेच पाण्याने धुवावे.

दुसरी गळती इंजिन ऑइलची. न दिसलेल्या गतिरोधकावर किंवा खड्ड्यात गाडी खालून घासली आणि थोड्या वेळाने लाल रंगाचा ऑइलच्या किटलीचा दिवा लागला, तर बहुधा चेंबर फुटलेला असतो. छोट्या मोटारीत जेमतेम तीन-साडेतीन लिटर ऑइल असते आणि ते काही मिनिटांत संपते. त्यानंतर चालवलेला प्रत्येक किलोमीटर इंजिन ‘जाम’ होण्याकडे नेतो. चेंबर बदलण्याचा खर्च आणि इंजिन उतरवण्याचा खर्च यांत कित्येक पटींचा फरक असतो. टोचन करून नेणे इथे स्वस्तच पडते. दिवा लागलेला नाही, डिपस्टिकवर पातळी दोन खुणांच्या मध्ये आहे आणि थेंब अगदी सावकाश पडतो आहे, अशा वेळीच जवळच्या गॅरेजपर्यंत सावकाश जाण्याचा विचार करावा.

हळद, साबण आणि एम-सील : जुगाड किती चालतो?

रेडिएटरला बारीक छिद्र पडले की त्यात हळद टाकण्याचा उपाय ट्रकचालकांत पिढ्यान्‌पिढ्या चालत आला आहे. हळदीची पूड पाण्यात फुगते, छिद्रापाशी साचते आणि गळती तात्पुरती थांबते. जुन्या, जाड नळ्यांच्या रेडिएटरमध्ये हे निभावून जायचे. आजच्या मोटारींच्या रेडिएटरच्या नळ्या बारीक असतात आणि हीटरच्या त्याहून बारीक. हळद त्याही बुजवते, मग गाडी तापण्याचे कारण हळदच होते. त्यामुळे अगदी निर्जन ठिकाणी, दुसरा इलाज नसेल तरच हा उपाय करावा आणि गॅरेजमध्ये पोहोचल्यावर मेकॅनिकला तसे सांगावे, म्हणजे तो रेडिएटर धुऊन काढील.

पेट्रोलच्या टाकीला चीर गेली तर कपडे धुण्याच्या साबणाची वडी घासून बसवतात. साबण पेट्रोलमध्ये विरघळत नाही, म्हणून ठिबक थांबते. एम-सीलचाही वापर होतो, पण ते कोरड्या आणि स्वच्छ पत्र्यावरच धरते. हे दोन्ही गाडी बाजूला घेण्यापुरते आणि इंजिन पूर्ण गार झाल्यावरच करावे. टाकीच्या जवळ वेल्डिंग करू देऊ नये. रिकामी टाकी भरलेल्या टाकीपेक्षा अधिक धोकादायक असते, कारण तिच्यात पेट्रोलची वाफ आणि हवा यांचे स्फोटक मिश्रण असते. ब्रेकच्या नळीवर मात्र चिकटपट्टी, रबर, तार असला कोणताही जुगाड करू नये.

रस्त्यावर सांडलेले कसे आवरावे?

आधी गळती थांबवायची किंवा अडवायची. गाडीखाली तसराळे, जुना डबा, कापलेला पाच लिटरचा कॅन, काहीच नसेल तर जाड प्लास्टिकची पिशवी पसरावी. पेट्रोलसाठी मात्र हे करत बसू नये, लांब व्हावे. मग सांडलेल्या द्रवाभोवती, विशेषतः उताराच्या आणि गटाराच्या बाजूला, माती किंवा वाळूचा छोटा बांध घालावा. त्यानंतर कडेकडून मध्याकडे कोरडी माती, वाळू किंवा राख टाकावी. लाकडाचा भुसा ऑइल छान शोषतो, पण तो स्वतः पेटतो, म्हणून पेट्रोलवर टाकू नये. दहा-पंधरा मिनिटे थांबून ती माती पुठ्ठ्याने खरवडून पिशवीत भरावी. एकदा टाकलेली माती तशीच सोडली तर वाहनांच्या चाकांनी ती पसरते आणि ऑइलमिश्रित चिखल होतो. म्हणून डाग सुकेपर्यंत दोनदा-तीनदा माती टाकून उचलावी लागते. हे सगळे रस्त्याच्या कडेलाच करायचे. वाहत्या रहदारीत उतरून कोणीही माती टाकू नये, ते काम पोलीस रहदारी थांबवल्यानंतरचे.

बॅटरीचे ॲसिड सांडले असेल तर त्यावर खायचा सोडा टाकावा, फेस येणे थांबले की ॲसिड निवळले असे समजावे. ॲसिड डोळ्यात किंवा अंगावर उडाले तर वाहत्या पाण्याखाली निदान पंधरा-वीस मिनिटे धुवावे आणि लगेच दवाखान्यात जावे.

ऑइल सांडले की बादलीभर पाणी मारण्याचा मोह होतो. त्याने ऑइल जात नाही, फक्त पातळ होऊन पसरते. घसरण्याची जागा एका हाताएवढी असते ती खोलीएवढी होते. शिवाय ते पाणी पावसाळी गटारात जाते आणि तिथून बहुतेक ठिकाणी थेट नाल्यात, नदीत, खाडीत. अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेच्या म्हणण्यानुसार एका गाडीचे एका वेळी बदललेले ऑइल दहा लाख गॅलन गोडे पाणी दूषित करू शकते. पाण्यावर पसरलेला पातळ तवंग हवेतला प्राणवायू पाण्यात मिसळू देत नाही. विहिरीशेजारी सांडलेले डिझेल मातीतून झिरपून पाण्याला कित्येक महिने वास देते. डिझेल डांबरालाही विरघळवते, त्यामुळे गळक्या ट्रकच्या थांब्यावर रस्त्याला खड्डे लवकर पडतात.

ऑइल भिजलेली माती आणि जळके ऑइल कुठे द्यावे?

ऑइलने भिजलेली माती, फडकी आणि पुठ्ठे घरच्या ओल्या-सुक्या कचऱ्यात टाकू नयेत आणि जाळू तर नयेतच. पिशवीचे तोंड बांधून गाडी जिथे दुरुस्तीला जाणार त्या सर्व्हिस सेंटरला द्यावी. २०१६ च्या घातक कचरा व्यवस्थापन नियमांनुसार वापरलेले ऑइल हा घातक कचरा आहे आणि ते अधिकृत परवानाधारकाकडेच जायला हवे. या नियमांत २०२३ मध्ये दुरुस्ती झाली. १ एप्रिल २०२४ पासून वंगण तेल बनवणाऱ्या आणि आयात करणाऱ्या कंपन्यांवर वापरलेले ऑइल परत गोळा करून त्याचे पुनर्शुद्धीकरण करून घेण्याची जबाबदारी आली. जुन्या बॅटरीबाबतही २०२२ च्या नियमांनी अशीच व्यवस्था घातली आहे.

प्रत्यक्षात छोट्या गॅरेजमधले जळके ऑइल भंगारवाल्याकडे जाते. सेंट्रिंगच्या फळ्यांना लावायला, वाळवीसाठी लाकडाला फासायला किंवा भट्टीत जाळायला ते विकले जाते. त्यात इंजिनाच्या झिजेतून आलेले धातूंचे कण असतात, ते धुरातून आणि मातीतून पुन्हा माणसांपर्यंत येतात. ग्राहकाने ‘काढलेले ऑइल कुठे देता?’ एवढे विचारले तरी फरक पडतो.

मागून येणाऱ्या दुचाकीस्वाराने काय करावे?

ओल्या रस्त्यावर इंद्रधनुष्यासारखे रंग दिसले की तिथे ऑइल किंवा डिझेल आहे, असे समजावे. पहिल्या पावसात तर उन्हाळाभर साचलेले ऑइल आणि धूळ वर येऊन सगळाच रस्ता निसरडा होतो. अशा डागावर ब्रेक मारू नये, वळू नये, वेग वाढवू नये. ॲक्सिलरेटर सोडून, हँडल सरळ ठेवून पार व्हावे. नंतर काही अंतर टायरला ऑइल लागलेले असते, तेव्हा पहिल्या वळणावर जपून. त्यानंतर सुरक्षित जागी थांबून एक फोन करावा. राष्ट्रीय महामार्गावर १०३३, इतरत्र ११२ किंवा १०१, मुंबईत महापालिकेच्या आपत्ती नियंत्रण कक्षासाठी १९१६. फोनवर रस्त्याचे नाव, दिशा आणि किलोमीटरचा दगड किंवा जवळची खूण सांगितली तर मदत लवकर पोहोचते. घसरून पडलेल्याला मदत केल्यास पोलिसांचा ससेमिरा लागेल, ही भीती बाळगू नये. मोटार वाहन कायद्यातील कलम १३४ अ सद्‌हेतूने मदत करणाऱ्याला संरक्षण देते.

उलटलेल्या टँकरजवळ का जाऊ नये?

मोटारीतली गळती काही लिटरची असते, टँकरची हजारो लिटरची. १३ जून २०२३ रोजी मुंबई-पुणे द्रुतगती महामार्गावर कुणे गावाजवळच्या पुलावर रसायनाचा टँकर उलटून पेटला. पेटते रसायन पुलाखालच्या रस्त्यावर ओघळले. चार जणांचा मृत्यू झाला. पाकिस्तानात बहावलपूरजवळ २५ जून २०१७ रोजी उलटलेल्या टँकरमधले इंधन भरून घ्यायला गावकरी कॅन घेऊन जमले, आग लागली आणि दोनशेहून अधिक माणसे मेली. आपल्याकडेही टँकर उलटला की डबे-कळश्या घेऊन धावणारे आणि मोबाइलवर चित्रण करणारे दिसतात.

घातक माल नेणाऱ्या टँकरवर मालाचे नाव, चार अंकी संयुक्त राष्ट्रे क्रमांक आणि आपत्कालीन फोन क्रमांक असलेली पाटी असावी लागते. पेट्रोलसाठी १२०३, डिझेलसाठी १२०२, एलपीजीसाठी १०७५, मिथेनॉलसाठी १२३०. लांबून ती पाटी वाचता आली तर तो क्रमांक फोनवर सांगावा, वाचायला जवळ जाऊ नये. गाडी वळवून वाऱ्याच्या विरुद्ध दिशेला आणि चढाच्या बाजूला, शक्य तेवढे लांब जावे.

कायदा काय सांगतो?

दोष माहीत असताना, किंवा साधी काळजी घेतली असती तर कळला असता अशा दोषासह, असुरक्षित वाहन रस्त्यावर चालवणे हा मोटार वाहन कायद्याच्या कलम १९० नुसार गुन्हा आहे. त्याला दीड हजार रुपये दंड आहे. त्या दोषामुळे अपघात होऊन कोणी जखमी झाले किंवा मालमत्तेचे नुकसान झाले, तर तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजार रुपये दंडापर्यंत प्रकरण जाते. इतरांना धोका होईल अशा जागी वाहन सोडणे कलम १२२ खाली येते. ताब्यातल्या वस्तूची काळजी न घेतल्याने सार्वजनिक रस्त्यावर धोका निर्माण केल्यास भारतीय न्याय संहितेच्या कलम २८५ नुसार पाच हजारांपर्यंत दंड होऊ शकतो. नाल्यात, विहिरीत किंवा जमिनीवर प्रदूषक सोडण्यास १९७४ च्या जल प्रदूषण कायद्याने मनाई आहे. व्यवहारात ऑइल सांडणाऱ्याचा माग क्वचितच लागतो. टोलनाक्यावरच्या आणि महामार्गावरच्या कॅमेऱ्यांमुळे तो आता पूर्वीपेक्षा सोपा झाला आहे.

निघण्यापूर्वी काय पाहावे, सोबत काय असावे?

गाडी रात्रभर उभी होती तिथली जमीन सकाळी एकदा पाहावी. डाग ताजा आहे की जुना, हे कळायला गाडीखाली पुठ्ठा ठेवणे सर्वांत सोपे. घाटाच्या प्रवासाआधी डिपस्टिक, कूलंटच्या टाकीतली पातळी आणि ब्रेक ऑइलची बाटली पाहायला तीन मिनिटे पुरतात. सर्व्हिसिंगनंतर पहिले दोन दिवस विशेष लक्ष द्यावे. ड्रेन बोल्टचा वॉशर न बदलल्याने किंवा ऑइल फिल्टर नीट न बसल्याने गळती सुरू होते. पावसाळ्यात उंदीर बॉनेटखाली आसरा घेतात आणि वायरींसोबत रबरी नळ्याही कुरतडतात. बरेच दिवस उभी राहिलेली गाडी बाहेर काढण्याआधी तेवढे पाहून घ्यावे.

डिक्कीत परावर्तक त्रिकोण, टॉर्च, रबरी हातमोजे, जुनी फडकी, दोन जाड पिशव्या, पुठ्ठा, दोन-तीन किलो कोरडी वाळू, पाच लिटर पाणी आणि भरलेला अग्निरोधक असावा. अग्निरोधकाचा काटा हिरव्या पट्ट्यात आहे ना, हे सहा महिन्यांनी पाहावे. वाळूची पिशवी पाहून घरचे हसतील, पण पुलावर सांडलेल्या अर्धा लिटर ऑइलला तेवढी वाळू पुरते आणि मागून येणारा दुचाकीस्वार घरी पोहोचतो.